दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, मग पायांना पट्टे कशाला?

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. गर्भाशयात मोठ्या गाठी आहेत, पाळीत खूप रक्त जातं. तीन आठवड्यांनी दुर्बिणीतून गर्भाशय काढायचं ठरलंय. तोवर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून दोन महिन्यांपासून हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत. वजन ७८ किलो, उंची १५८ सेंमी. पहिल्या बाळंतपणापासून डाव्या पायावर फुगलेल्या निळ्या शिरा आहेत. डॉक्टर म्हणाले, चारच छोटी छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी. पण सिस्टरांनी दिलेल्या यादीत ‘डीव्हीटी मोजे’ लिहिलेत, शिवाय ऑपरेशनच्या वेळी पायांना मशीन लावणार असंही त्या म्हणाल्या. माझ्या मैत्रिणीचं पित्ताशय दुर्बिणीतूनच काढलं, तिला यातलं काही लावलं नव्हतं. ऑपरेशन पोटाचं, मग पाय का बांधायचे? घरात नणंदेचे व्हेरिकोज व्हेन्सचे मोजे पडून आहेत, ते चालतील का? आणि गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन देतात म्हणे. आधीच एवढं रक्त जातंय, ते घेतल्यावर आणखी नाही का जाणार?

उत्तर :

ताई, डीव्हीटी म्हणजे पायाच्या आतल्या, खोल शिरेत रक्ताची गुठळी होणं; मोजे आणि मशीन ती टाळण्यासाठीच असतात. तुम्ही त्यांच्याबद्दल विचारलंय, पण घाईची गोष्ट तुमच्या पत्रात दुसरीकडेच आहे. गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि त्यात काय आहे ते वाचा. ‘एथिनिल इस्ट्रॅडिओल’ किंवा नुसतं ‘इस्ट्रॅडिओल’ असं लिहिलेलं असेल तर त्या गोळीत इस्ट्रोजेन आहे आणि इस्ट्रोजेन रक्त गोठण्याकडे कल वाढवतं. ऑपरेशन मोठं असेल आणि त्यानंतर हालचाल कमी राहणार असेल, तर अशा गोळ्या साधारण ४ आठवडे आधी थांबवतात. तुमच्या हातात तीनच आठवडे आहेत, म्हणून पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना उद्याच फोन करा. स्वतःहून मात्र गोळी बंद करू नका. ती अचानक सुटली तर जोरात रक्तस्राव सुरू होऊ शकतो. डॉक्टर दुसरं औषध सुचवतील, किंवा गोळी चालू ठेवून गुठळी रोखायचे उपाय वाढवतील. दोन्ही रस्ते योग्य आहेत, पण त्यांना ठाऊक असेल तरच.

पाकिटावर ‘नॉरएथिस्टेरॉन’ असेल तर त्यात इस्ट्रोजेन नाही असं म्हणून सोडून दिलं जातं. रक्तस्रावासाठी ते दिवसाला १०-१५ मिलिग्रॅम अशा मोठ्या मात्रेत देतात, आणि त्या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिओलमध्येच बदलतो. म्हणून तेही सांगा. रक्त कमी जावं म्हणून ट्रानेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या घेत असाल तर त्याही. त्या गोळ्या झालेली गुठळी विरघळू देत नाहीत, त्यांचं कामच ते आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना, दोघांनाही सांगा. एकाला सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत पोचलंच असेल असं धरून चालू नका.

आता पायांकडे. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंमुळे. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारं औषध देतात, त्या क्षणी हा पंप पूर्ण बंद पडतो. झोपेत आपण निदान कूस बदलतो, पाय हलवतो. टेबलावर तेवढंही होत नाही. झडपांच्या मागच्या खोबणीत रक्त संथ होतं, तिथला ऑक्सिजन संपत येतो आणि गुठळीची पहिली कणी बहुधा तिथेच धरते. पाय ठणकू लागतो ते काही दिवसांनी, पण सुरुवात कित्येकदा ऑपरेशन चालू असतानाच झालेली असते.

हे कुठल्याही ऑपरेशनात होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात त्यात गॅसची भर पडते. पोटात जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरतात आणि आतला दाब १२ ते १५ मि.मी. पाऱ्याइतका ठेवतात. झोपलेल्या माणसाच्या जांघेतल्या शिरेत दाब साधारण १० मि.मी.च्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो. म्हणजे पायांतून वर येणाऱ्या रक्ताला पुढे स्वतःच्या दाबापेक्षा जास्त दाबाचा प्रदेश ओलांडावा लागतो. मांडीच्या शिरा फुगतात आणि त्यातला वेग मंदावतो. पोटरीवर ठरावीक वेळाने दाब देणारा पंप लावला की हा वेग बराचसा पूर्ववत होतो. ऑपरेशन पोटाचं असताना पाय बांधतात ते याचसाठी.

तुमच्या बाबतीत टेबलावरची ठेवणही महत्त्वाची आहे. पित्ताशय काढताना डोकं वर आणि पाय खाली असा उतार देतात, त्यामुळे रक्त पायांत साचतं. गर्भाशय काढताना उलटं असतं : डोकं खाली आणि पाय वर, गुडघ्यात वाकवून स्टिरपमध्ये, म्हणजे टेबलाला जोडलेल्या पायांच्या आधारात, ठेवलेले. उतारामुळे रक्त परतायला मदत होते हे खरं. पण जांघ आणि गुडघा वाकलेले राहतात, पोटरी आधारावर टेकून दाबली जाते, गॅस असतोच, आणि हे सगळं दीड-दोन तास किंवा त्याहून जास्त चालतं. शिवाय गाठींमुळे तुमचं गर्भाशय मोठं झालं असेल, तर ओटीपोटातून जाणाऱ्या मोठ्या शिरांवर त्याचा दाब आज, घरी बसल्याही पडत असणार. गुठळ्या उजव्या पायापेक्षा डाव्या पायात जास्त होतात, कारण डावी मोठी शीर ओटीपोटात उजव्या धमनीच्या खालून जाते आणि मणक्यावर चेपली जाते. तुमच्या फुगलेल्या शिरा डाव्याच पायात आहेत, म्हणून त्या पायाकडे जास्त लक्ष हवं.

मैत्रिणीशी तुलना करायची तर छिद्रं किती होती ते मोजून उपयोग नाही. तिचं वय काय, टेबलावर किती वेळ गेला, वजन किती, गोळ्या कुठल्या, घरात कुणाला गुठळी झाली होती का, हे बघावं लागतं. तरुण, सडपातळ, गोळ्या न घेणारी बाई असेल आणि पित्ताशय ४० मिनिटांत निघालं असेल, तर लवकर उठून चालणं एवढंही पुरलं असेल. अनेक रुग्णालयांत गुठळीचा धोका मोजायला कॅप्रिनी नावाची गुणपद्धत वापरतात. त्यात तुमचा हिशेब असा होतो : वय ४१ ते ६० मध्ये, १ गुण. दुर्बिणीचं ऑपरेशन ४५ मिनिटांहून जास्त, २ गुण. वजन-उंचीचं गुणोत्तर म्हणजे बीएमआय तुमचा ३१ येतो, २५ च्या वर असल्याने १ गुण. पायावर फुगलेल्या शिरा, १ गुण. हॉर्मोनच्या गोळ्या, १ गुण. एकूण ६. या पद्धतीत १-२ गुण म्हणजे कमी धोका, ३-४ मध्यम, आणि ५ किंवा जास्त म्हणजे वरचा गट.

या ६ आकड्याने घाबरून जाऊ नका. या गुणांची पारख मुख्यतः पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांवर झालेली आहे. कर्करोग नसताना दुर्बिणीतून गर्भाशय काढलेल्या बायकांत गुठळी होण्याचं प्रत्यक्ष प्रमाण त्यावरून वाटतं त्यापेक्षा कमी असतं. म्हणून ६ गुण असूनही एखादे डॉक्टर फक्त पंप लावतील, दुसरे इंजेक्शनही देतील, आणि दोघांकडेही कारण असेल. पण काहीच न करणं हा पर्याय तुमच्यासाठी नाही. पत्रात न लिहिलेली एक गोष्ट नीट आठवा : तुम्हाला स्वतःला, किंवा आईवडील-भावंडांपैकी कुणाला कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? या एकाच उत्तराला ३ गुण आहेत. तीन किंवा जास्त वेळा आपोआप गर्भपात झाले असतील तर तेही सांगा, रक्त गोठण्याच्या काही दोषांत तसं होतं.

नणंदेचे मोजे वापरू नका. कारण ते जुने आहेत एवढंच नाही. फुगलेल्या शिरांसाठी दिवसभर उभ्या-चालत्या माणसाला जे मोजे देतात, ते घोट्यापाशी बहुधा २३ ते ३२ मि.मी. दाब देतात. उभं असताना पायाच्या शिरांत दाब खूप असतो, त्याला तोंड द्यायला तेवढा लागतो. झोपलेल्या रुग्णासाठीचे डीव्हीटी मोजे वेगळे. घोट्यापाशी साधारण १८, पोटरीवर १४, आणि वर मांडीकडे ८ ते १० मि.मी., असा खालून वर कमी होत जाणारा त्यांचा दाब असतो. जास्त दाबाचा मोजा आडव्या, भुलीतल्या पायावर चढवला तर तो कातडी आणि बारीक रक्तवाहिन्या दाबून धरू शकतो. दुखतंय हे सांगायला तुम्ही जाग्या नसाल. त्यात माप दुसऱ्याचं. वरची कड घट्ट बसली तर ती दोरी बांधल्यासारखी शीर आवळते, आणि आपण टाळायला निघालेली गोष्टच घडवून आणते.

नवे मोजे घ्यायचे तर आधी मापं घ्या. सकाळी, पायांना सूज चढण्याआधी, झोपून, दोन्ही पायांची वेगवेगळी. घोट्याच्या हाडाच्या लगेच वर, जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर. पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचा घेर. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची लांबी. मांडीपर्यंतचे मोजे असतील तर नितंबाच्या घडीखाली मांडीचा घेर, आणि टाचेपासून तिथपर्यंतची लांबी. एकूण ‘मोठा, मध्यम, लहान’ असा अंदाज चालत नाही. तुमचा डावा पाय उजव्यापेक्षा जाड असेल तर दोन पायांना दोन मापं लागतील असंही होऊ शकतं. गुडघ्यापर्यंतच्या मोज्याची वरची कड गुडघ्याच्या घडीच्या २-३ बोटं खाली थांबली पाहिजे. तो लांब होतो म्हणून वरून दुमडू नका. दुमडल्यावर त्या जागी दाब दुप्पट होतो. टाच टाचेच्याच खोबणीत बसवा, बोटांकडचं भोक वर सरकून पावलावर आवळू देऊ नका, सुरकुती राहू देऊ नका.

आणि खरं सांगायचं तर तुमच्यासाठी मोजे हा दुय्यम उपाय आहे. ब्रिटनमध्ये २०२० साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ठरवून केलेल्या ऑपरेशनांत मध्यम आणि जास्त धोक्याच्या रुग्णांना गुठळीविरोधी इंजेक्शन देत असताना वर मोजे घातल्याने काही फायदा होतो का, हे त्यात पाहिलं. विशेष फरक दिसला नाही. म्हणून यादीत लिहिलंय म्हणून मोजे आणण्याआधी एकच विचारा : पंप लावणार आहात का, आणि इंजेक्शन देणार आहात का? दोन्ही असेल तर मोजे नसल्याने तुमचं नुकसान होणार नाही. पंप नसेलच तर मात्र नीट मापाचे मोजे हवेत.

पंपाबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे उपाय चांगला असूनही तो हुकतो तो बारीकसारीक कारणांनी. पायाला कापडासारखे मऊ पट्टे गुंडाळतात, आत हवेचे कप्पे असतात, नळ्यांनी ते टेबलाच्या पायथ्याशी टांगलेल्या यंत्राला जोडतात. यंत्र साधारण ४० ते ५० मि.मी. दाबाने १०-१२ सेकंद हवा भरतं, आधी घोट्याकडे, मग पोटरी, मग मांडी, आणि जवळपास मिनिटभर सोडून देतं. त्या मोकळ्या मिनिटात शिरा पुन्हा भरतात. काही ठिकाणी फक्त तळपायाला पट्टा लावतात. तो दाब बराच जास्त, पण अगदी क्षणभराचा असतो. पोटरीचे आणि मांडीपर्यंतचे पट्टे, दोन्ही चालतात. स्टिरपमध्ये पाय ठेवायचे असतील तर पोटरीचे सोयीचे पडतात.

पिळल्यासारखं रक्त वर जाणं एवढाच याचा फायदा नाही. शिरांची आतली भिंत दाबली-सोडली गेली की तिथून गुठळी विरघळवणारी द्रव्यं रक्तात सुटतात. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पट्टे पायांऐवजी हातांना लावले होते, तरी पायांतल्या गुठळ्या कमी झाल्या. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते : एका पायाला प्लास्टर किंवा जखम असल्याने पट्टा लावता येत नसेल, तर दुसऱ्याला लावायला तरी सोडू नये.

सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेची. पट्टे आधी लावून ठेवतात, पण यंत्राचं बटण चालू होतं ते रुग्ण झोपल्यावर, ठेवण झाल्यावर, कापड अंथरल्यावर. कधी तेही राहून जातं, कारण पाय कापडाखाली झाकलेले असतात आणि सगळ्यांचं लक्ष पडद्यावर असतं. यंत्र भुलीच्या औषधाआधी चालू व्हायला हवं. हे तुम्ही स्वतः बघू शकता : तुम्ही जाग्या असतानाच पोटरी आळीपाळीने आवळतेय असं जाणवलं पाहिजे. जाणवलं नाही तर भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, “पायाचं मशीन चालू झालं का?” या प्रश्नाने कुणाला राग येणार नाही. आला तरी विचारा.

बाकीच्या चुका अशा. पट्टा इतका घट्ट की खाली दोन बोटं जात नाहीत, किंवा इतका सैल की हवा पट्ट्यातच फुकट जाते. नळी पायाखाली किंवा पोटरी आणि स्टिरप यांच्या मध्ये अडकते, दोन तासांनी तिचा वळ उठलेला असतो. टेबल खाली-वर केल्यावर नळीला पीळ बसतो आणि यंत्र कमी दाबाचा इशारा देत राहतं, तो कुणीतरी आवाज नको म्हणून बंद करतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक हाडाचं टोक हाताला लागतं. त्याला वळसा घालून जाणारी नस कातडीच्या अगदी लगत असते. पट्ट्याची कड किंवा स्टिरपचा दांडा तिथे दाबून राहिला तर ऑपरेशननंतर पाऊल वर उचलता येत नाही. म्हणून तिथे मऊ गादी हवी. हे सगळं पाहणं थिएटरमधल्या माणसांचं काम आहे, तुमचं नाही. पण जाग आल्यावर दोन्ही पावलं वर ओढून बघा, आणि एक जरी नीट हलत नसेल तर लगेच सांगा.

त्याच वेळी पोटरीकडेही लक्ष द्या. पाय वर ठेवून ऑपरेशन फार लांबलं, विशेषतः ४ तासांच्या पुढे गेलं, तर पोटरीच्या स्नायूंना रक्त कमी पडू शकतं. हृदयाच्या पातळीपेक्षा पाय जितका वर, तितका त्यात पोचणारा दाब कमी, दर १० सेंमी उंचीला साधारण ७-८ मि.मी. लांबलेल्या ऑपरेशनात मध्ये पाय खाली घेऊन थोडा वेळ मोकळे करतात. जाग आल्यावर पोटरी दगडासारखी कडक लागली, बोटं वर ओढली की असह्य दुखलं आणि वेदनाशामकानेही उतार पडला नाही, तर हे गुठळीपेक्षा वेगळं पण तितकंच तातडीचं आहे. त्याला ‘अंग आखडलंय’ म्हणून थांबू देऊ नका.

पट्टे काही जणांना लावायचे नसतात. पायाच्या धमन्या अरुंद असतील, चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागत असेल, पायावर जखम, गजकर्णासारखा त्वचेचा संसर्ग किंवा ताजं त्वचारोपण असेल, हृदय कमजोर असल्याने पाय खूप सुजले असतील, मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल, तर आधी तपासून ठरवावं लागतं. आणि पायात आधीच गुठळी असल्याची शंका असेल तर पंप लावतच नाहीत, कारण पिळण्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाण्याची भीती असते. म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत तुमचा डावा पाय अचानक जास्त सुजला, दुखू लागला, किंवा फुगलेल्या शिरेचा एखादा भाग लाल, गरम, दोरीसारखा कडक झाला, तर आधी डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतलं रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. “नेहमीचंच आहे” म्हणून लपवू नका. नुसत्या फुगलेल्या शिरा असणं हे पट्टे टाळायचं कारण नाही.

इंजेक्शनबद्दल तुमची भीती समजण्यासारखी आहे. पण पाळीतला रक्तस्राव गर्भाशयातून होतो, आणि गर्भाशयच निघून जाणार आहे. उरतो तो ऑपरेशनच्या जागेतून रक्त येण्याचा प्रश्न, आणि तो खरा आहे : या इंजेक्शनाने रक्तस्राव आणि पोटावर निळे डाग यांचं प्रमाण थोडं वाढतं. म्हणून ते बहुधा ऑपरेशननंतर ६ ते १२ तासांनी, रक्तस्राव थांबल्याची खात्री करून सुरू करतात. काही ठिकाणी १२ तास आधी एक मात्रा देतात. इंजेक्शन एनॉक्झापॅरिन या औषधाचं असेल तर नेहमीची मात्रा दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर ती कमी करावी लागते, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवा. पाठीत सुई टोचून भूल द्यायची असेल तर या मात्रेनंतर १२ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर मणक्यात रक्त साचण्याचा धोका. ते भूलतज्ज्ञ बघतील. अॅस्पिरिनची गोळी या इंजेक्शनाची जागा घेत नाही, घरच्या घरी तसा बदल करू नका.

किती दिवस, हे ठरवून विचारा. काही जणींना घरी जाईपर्यंत पुरतं, काहींना ७ दिवस देतात. ओटीपोटातल्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर ४ आठवडे. घरी टोचायचं असेल तर सिस्टरांकडून शिकून त्यांच्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. बेंबीपासून निदान ५ सेंमी दूर, छिद्रांच्या टाक्यांपासूनही दूर, रोज बाजू बदलून. कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध हळू सोडायचं, सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा छोटा बुडबुडा काढायचा नाही, काढायला गेलं की औषधही जातं. टोचल्यावर चोळायचं नाही. चोळल्यानेच मोठा निळा डाग पडतो.

ऑपरेशननंतर पंप खोलीत आल्यावर काढून कोपऱ्यात ठेवला जातो, ही दुसरी नेहमीची चूक. तुम्ही नीट चालू लागेपर्यंत तो चालू असायला हवा. अंथरुणात असताना दिवसाचे १८ तास तरी, असं धरतात. चालायला उठताना नळ्या काढायच्या आणि परत आल्यावर पुन्हा जोडायच्या. नळ्या जोडलेल्या असताना उठू नका, पाय अडकून पडायला होतं. दिवसातून एकदा पट्टे काढून टाच, घोटा आणि पोटरी बघायला सांगा. त्याच दिवशी संध्याकाळी, कुणाचा हात धरून, खोलीत चार फेऱ्या माराव्यात. खुर्चीत बसणं म्हणजे चालणं नव्हे. पडल्या पडल्या दर तासाला पावलं २० वेळा खाली-वर करा, गुडघ्याखाली उशी ठेवू नका, आणि डॉक्टर पाणी सुरू करायला सांगतील तेव्हा पुरेसं प्या.

ऑपरेशनच्या आधीच्या दिवशी घरीच एक माप घेऊन ठेवा. गुडघ्याखाली समोर हाडाचा उंचवटा असतो, त्याच्या १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजून तारखेसह लिहा. तुमचा डावा पाय मुळातच थोडा जाड असणार, तो फरक किती हे आधी ठाऊक असलं की नंतर घोळ होत नाही. एका पोटरीचा घेर दुसरीपेक्षा ३ सेंमीहून जास्त वाढला, किंवा तुमचा नेहमीचा फरक अचानक वाढला, तर त्याच दिवशी डॉप्लर. दुखणारी पोटरी चोळून, तेल लावून घ्यायची नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक गोष्ट फसवते, ती म्हणजे खांद्याचं दुखणं. पोटात उरलेल्या गॅसने छाती-पोटामधला पडदा चाळवतो आणि त्याची नस खांद्याशी जोडलेली असल्याने दुखतं खांद्याच्या टोकाला. बसल्यावर वाढतं, आडवं झाल्यावर कमी होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. फुप्फुसातल्या गुठळीचं दुखणं वेगळं : श्वास आत घेताना बरगडीत सुरी खुपसल्यासारखी कळ, दम लागणं, छाती धडधडणं, चक्कर, कधी खोकल्यातून रक्त. असं काही सुरू झालं तर ‘गॅस’ म्हणून ओवा-हिंग करत बसू नका, थेट आपत्कालीन विभागात जा. हा धोका घरी आल्यावर संपत नाही, पहिल्या काही आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो आणि १२ आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. चार तासांहून लांबचा प्रवास पहिले ४ आठवडे टाळता आला तर टाळा.

आपत्कालीन विभागात पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा : “अमुक तारखेला दुर्बिणीतून गर्भाशय काढलं, त्याआधी हॉर्मोनच्या गोळ्या चालू होत्या, इंजेक्शन अमुक दिवस घेतलं.” तिथे कुणी फक्त डी-डायमरची, म्हणजे गुठळीचा अंदाज देणारी, रक्ततपासणी सुचवली तर लक्षात आणून द्या की ऑपरेशननंतर ती काही आठवडे तशीही वाढलेली असते. पायासाठी डॉप्लर आणि छातीसाठी सीटी अँजिओग्राफी यांनीच उत्तर मिळतं.